शिकागो वसवणारा ज्याँ बाप्तिस्त प्वाँत डुसाबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागोला आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना पहिल्यांदा नदीवरच्या त्या पुलापाशी नेते, तिथला ब्राँझचा अर्धपुतळा दाखवते आणि मग प्रश्न सुरू होतात. गेली कित्येक वर्षं तेच तेच प्रश्न येतायत, भारतातून आलेल्या काका-मावशांकडून, इथे वाढलेल्या आमच्या पोरांकडून, नवीन जॉबला आलेल्या मुलामुलींकडून. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय.

हा डुसाबल नक्की कोण?

आज जिथे शिकागो शहर आहे तिथे, नदीच्या तोंडाशी, घर बांधून शेती, गिरणी आणि व्यापार करत कायमचा राहिलेला बाहेरून आलेला पहिला माणूस. कृष्णवर्णीय, फ्रेंच बोलणारा, कॅथलिक. १७९० पर्यंत त्याचा इथे भरलेला संसार होता याची लेखी नोंद आहे. शिकागो गाव म्हणून कागदावर आलं १८३३ मध्ये आणि शहर झालं १८३७ मध्ये, म्हणजे त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी. जन्म कुठला याची नोंदच सापडलेली नाही, हैतीमधल्या सेंट मार्क गावचा असं सांगतात आणि इथला हैतीयन समाज त्याला आपला मानतो, पण जन्माचा कागद कोणाकडेच नाही. मृत्यूचा मात्र आहे, २८ ऑगस्ट १८१८, सेंट चार्ल्स, मिझुरी.

नाव कसं उच्चारायचं?

फ्रेंच धाटणीने द्यु साब्ल, इथले लोक म्हणतात डुसाबल. जुन्या कागदांत प्वाँत द साब्ल, पॉइंट ओ सेबल, नुसतं बाप्तिस्त पॉइंट, काय वाट्टेल ते लिहिलेलं सापडतं. आपल्याकडे मोडी कागदांत एकाच घराण्याचं आडनाव पाच प्रकारे लिहिलेलं असतं ना, तसंच. डुसाबल म्हणा, सगळ्यांना कळतं.

तिथे आधीपासून माणसं राहत होती ना? मग त्याला संस्थापक का म्हणायचं?

अगदी बरोबर प्रश्न आहे आणि हा विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. पोटावाटोमी लोकांची ही जमीन होती, त्यांच्या आधी मायामी आणि इलिनॉय लोकांची. शिकागो हे नावसुद्धा त्यांच्याच भाषेतलं, नदीकाठी उगवणाऱ्या उग्र वासाच्या रानकांद्यावरून पडलेलं. मार्केट आणि जोलिएट हे दोन फ्रेंच १६७३ मध्ये इथून होड्या घेऊन गेले पण ते गेले, राहिले नाहीत. डुसाबल राहिला. त्यामुळे "शिकागोचा पहिला माणूस" हे चूक आहे, "पहिला कायमचा बिगर-मूळनिवासी रहिवासी" हे बरोबर आहे. बोलायला अवघड आहे पण मी मुलांना हेच पाठ करायला लावते. पोटावाटोमींना १८३३ च्या तहाने इथली उरलीसुरली जमीन सोडून मिसिसिपीच्या पलीकडे जावं लागलं, आणि त्याच वर्षी शिकागो गाव म्हणून नोंदलं गेलं. या दोन गोष्टी मी नेहमी एका दमात सांगते, कारण वेगवेगळ्या सांगितल्या की दुसरीच लक्षात राहते.

त्याने नेमकी हीच जागा का धरली?

नकाशा काढून बघा. मिशिगन लेकला मिळणारी शिकागो नदी छोटीशी, पण तिच्या उगमाकडे गेलं की थोडासा दलदलीचा पट्टा लागतो आणि तो ओलांडला की डेस प्लेन्स नदी, तिच्यातून इलिनॉय नदी, तिच्यातून थेट मिसिसिपी. म्हणजे मोठ्या तळ्यांच्या बाजूने येणाऱ्याला होडी थोडं अंतर डोक्यावर उचलून न्यायची तयारी असली की तो पार न्यू ऑर्लिन्सपर्यंत पाण्याने जाऊ शकत होता, आणि पावसाळी दिवसांत तर बऱ्याचदा उचलावीही लागायची नाही. सगळा कातड्यांचा व्यापार याच वाटेने चालायचा. आपल्याकडे घाटाच्या तोंडाशी जशी पेठ वसते तसं हे तोंड होतं, फक्त घाट पाण्याचा. पुढे १८४८ मध्ये तिथे कालवा पुरा झाला आणि शहर भराभर वाढलं. कालव्याच्या अर्धशतक आधी त्या वाटेवर घर कुठे बांधायचं हे या माणसाला कळलं होतं.

त्याचं घर कसं होतं? झोपडी होती का?

नाही!! याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहितेय असं समजा. जुन्या चित्रांत लाकडी ओंडक्यांची केविलवाणी खोपी दाखवतात, आणि खरं काय होतं ते आपल्याला एका खरेदीखतामुळे माहिती आहे. मे १८०० मध्ये त्याने ही सगळी मालमत्ता ज्याँ लालीम नावाच्या माणसाला ६,००० लिव्रला (लिव्र म्हणजे जुनं फ्रेंच चलन) विकली. तो कागद डेट्रॉइटच्या दप्तरात पडून होता आणि १९१३ मध्ये मिलो क्वेफ या इतिहासकाराला सापडला.

कागदात काय आहे? मुख्य घर ४० फूट बाय २२ फूट. घोड्यावर चालणारी गिरणी. पाव भाजायची वेगळी खोली, दुधदुभत्याची वेगळी, मांस धुरावायची वेगळी, कोंबड्यांचं खुराडं, दोन गोठे. ३० मोठी गुरं, ३८ डुकरं, ४४ कोंबड्या, २ खेचरं. घरात अक्रोडाच्या लाकडाचं काचेच्या दारांचं कपाट, आरसे, भिंतीवरची चित्रं, तांब्याची भांडी.

माझी आई आली होती तेव्हा मी तिला ही यादी पुलाजवळच्या पायऱ्यांवर बसून वाचून दाखवली होती. ती खेड्यात वाढलेली, तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "चव्वेचाळीस कोंबड्या म्हणजे रोजची अंडी विकत असणार गं, घरात कोण खाणार एवढी." मी इतकी वर्षं ती यादी वाचत होते पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बाकीचे व्यापारी कातडी घेऊन मोकळे व्हायचे, याच्याकडे वाटसरूला खायला मिळायचं. पुरावा आहे. १० मे १७९० ला ह्यू हेवर्ड नावाचा प्रवासी इथून गेला, त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय की डुसाबलला १३ वार सुती कापड दिलं आणि बदल्यात ४१ पौंड पीठ, २९ पौंड डुकराचं मांस आणि भाजलेला पाव घेतला. शिकागोतल्या व्यवहाराचा एवढा तपशीलवार लेखी हिशोब त्याच्या आधीचा माझ्या वाचनात नाही, आणि तो पिठाचा आहे.

त्याच्या बायकोबद्दल कोणीच का बोलत नाही?

हेच माझंही म्हणणं आहे. ती पोटावाटोमी होती, नाव किटिहावा असं सांगतात, चर्चच्या कागदात कॅथरीन. काहोकिया या मिसिसिपीकाठच्या जुन्या फ्रेंच गावच्या चर्चमध्ये २७ ऑक्टोबर १७८८ ला त्यांचं लग्न नोंदलंय, पण त्यांची मुलगी सुझान हिचं लग्न १७९० मध्ये त्याच गावात झालं, म्हणजे हिशोब करा, ते दोघं कितीतरी आधीपासून संसार करत होते आणि चर्चची नोंद मागाहून झाली. एक मुलगाही होता, ज्याँ. आणि सुझानची मुलगी युलाली १७९६ मध्ये शिकागोतच जन्मली, म्हणजे इथे तीन पिढ्या नांदल्या.

आता विचार करा, परक्या माणसाला पोटावाटोमींच्या जमिनीवर गिरणी घालून दोन गोठे बांधून राहता आलं ते कशाच्या जोरावर? त्या मुलखात व्यापार नात्यावर चालायचा. सोयरिक असेल तर माल मिळायचा, वाट मिळायची, जमीन मिळायची. तो जावई होता म्हणून तो इथे राहू शकला. आणि पूल, शाळा, म्युझियम, रस्ता, सगळ्यावर नाव त्याचं एकट्याचं. मला हे मनापासून खटकतं. म्हणून मी पाहुण्यांना सांगताना "डुसाबल आणि किटिहावा" असंच म्हणते, आणि तुम्हीही म्हणा.

ब्रिटिशांनी त्याला पकडलं होतं ते खरं का?

हो. १७७९ मध्ये, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, आजच्या इंडियानातल्या ट्रेल क्रीकपाशी. संशय असा की हा फ्रेंचांच्या आणि बंडखोरांच्या बाजूचा. मिशिलिमॅकिनॅक किल्ल्यावर नेला. गंमत म्हणजे ज्या अधिकाऱ्याने पकडला त्यानेच अहवालात लिहिलं की माणूस चांगला वागतो आणि याच्याबद्दल चांगलं बोलणारे मित्र पुष्कळ आहेत. मग ब्रिटिशांनी त्यालाच सेंट क्लेअर नदीवरची पायनरी नावाची जमीनदारी सांभाळायला दिली आणि ते काम त्याने १७८४ पर्यंत केलं. कैदी म्हणून आणला आणि कारभारी केला, यावरून माणसाची पत कळते.

एवढं सगळं उभं केलं आणि मग विकून का गेला?

कारण त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही. एवढं सांगता येतं की १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहात नदीच्या तोंडाशी सहा मैल बाय सहा मैल जमीन अमेरिकन सरकारने घेतली, १८०० मध्ये त्याने विकलं आणि १८०३ मध्ये तिथेच समोर फोर्ट डिअरबॉर्न हा अमेरिकन लष्कराचा किल्ला उभा राहिला. तो मिझुरी नदीकाठच्या सेंट चार्ल्सला गेला, तेव्हा तो स्पेनच्या ताब्यातला मुलूख. उतारवयात पैसे संपले. १८१३ मध्ये त्याने आपलं घर युलाली नावाच्या बाईला लिहून दिलं, अट एवढीच की मला म्हातारपणी सांभाळ आणि मेल्यावर कॅथलिक दफनभूमीत पूर. ती त्याची नातच होती की दुसरीच कोणी यावर वाद आहे. ते काचेचं कपाट आणि आरसे असलेलं घर आठवतं आणि ही अट वाचून पोटात तुटतं.

मग इतकी वर्षं नाव का ऐकू आलं नाही?

कारण शिकागोचा जनक म्हणून दुसऱ्याच माणसाचं नाव लागलं होतं. जॉन किन्झी, एक गोरा व्यापारी. ज्या खरेदीखताबद्दल वर लिहिलं त्यावर साक्षीदार म्हणून सही कोणाची आहे माहितीये? याच किन्झीची. १८०४ मध्ये तो त्या घरात राहायला आला, डुसाबलच्याच घरात, आणि पुढे ते "किन्झी हाउस" म्हणून ओळखलं गेलं. किन्झीच्या सुनेने लिहिलेल्या आठवणी खूप वाचल्या गेल्या, घराणं शहरात वजनदार होतं, आणि शंभरेक वर्षं पुस्तकांत किन्झी हाच शिकागोचा पहिला गोरा रहिवासी, म्हणून जनक असं चाललं. "पहिला गोरा" हा शब्दच बघा ना, त्या शब्दाने डुसाबलला बाहेर काढण्याचं काम आपोआप केलं, कोणाला खोटं बोलायचीही गरज पडली नाही.

पुलावर गेलात की उत्तरेकडच्या दगडी खांबांवर १९२८ ची उठावशिल्पं आहेत, त्यातल्या "द पायोनियर्स" मध्ये पुढे चालणारा माणूस हा किन्झी आहे. पुलाला २०१० मध्ये डुसाबलचं नाव दिलं. म्हणजे नाव डुसाबलचं आणि दगडात किन्झी. ते शिल्प काढू नये असं माझं मत आहे, पण समोर उभं राहून मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. त्या पुलावरून बस गेली की पायाखालचं लोखंड थरथरतं, पोरं घाबरतात आणि हसतात, आणि तेवढ्यात त्यांना गोष्ट सांगून टाकायची.

नाव परत कोणी आणलं?

शहराने स्वतःहून नाही, कृष्णवर्णीय बायकांनी. १९२८ मध्ये अॅनी ऑलिव्हर यांनी डुसाबलच्या स्मारकासाठी संस्था काढली. १९३३ मध्ये शिकागोने शंभरी साजरी करायला जागतिक प्रदर्शन भरवलं तेव्हा या बायका हट्टाने मागे लागल्या की त्याच्या घराची प्रतिकृती प्रदर्शनात हवीच, आणि ती उभी राहिली. १९३६ मध्ये साउथ साइडच्या एका हायस्कूलला त्याचं नाव मिळालं. त्याच शाळेत प्रसिद्ध गायक नॅट किंग कोल होता आणि हॅरॉल्ड वॉशिंग्टनही, जे पुढे १९८३ मध्ये शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले.

मग मार्गारेट बरोज. शाळेत चित्रकला शिकवायच्या, त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने १९६१ मध्ये स्वतःच्या राहत्या घरात म्युझियम सुरू केलं, म्हणजे दिवाणखान्यात! त्याला १९६८ मध्ये डुसाबलचं नाव दिलं आणि १९७३ मध्ये ते वॉशिंग्टन पार्कमध्ये मोठ्या इमारतीत गेलं. तिथे अजून आहे. १९७६ मध्ये घराची जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाली, १९८७ मध्ये २२ सेंटचं पोस्टाचं तिकीट निघालं.

लेक शोअर ड्राइव्हचं नाव बदललं त्यावरून एवढा वाद कशाला झाला?

तो रस्ता म्हणजे शिकागोकरांचा जीव की प्राण आहे, एका बाजूला लेक आणि दुसऱ्या बाजूला सगळी शहराची उंच रांग, मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर माणसं कशी जीव टाकतात तसंच समजा. नाव बदलायचं म्हटल्यावर लोक म्हणाले सवय आहे, पाट्यांचा खर्च आहे, त्याच्यासाठी दुसरं काहीतरी करा. तेव्हाच्या महापौरही आधी विरोधात होत्या. शेवटी तडजोड झाली, जुनं नाव ठेवून त्याचं नाव पुढे जोडायचं. २५ जून २०२१ ला नगरसभेत ३३ विरुद्ध १५ मतांनी ठराव पास झाला. आता पाटीवर ज्याँ बाप्तिस्त प्वाँत डुसाबल लेक शोअर ड्राइव्ह. लोक बोलताना अजून लेक शोअर किंवा नुसतं ड्राइव्ह म्हणतात, पण जीपीएसची बाई ट्रॅफिकमध्ये त्याचं नाव घेते आणि मागच्या सीटवरून पोर विचारतं "हा कोण?" मला तेवढं पुरतं.

पुतळ्यातला चेहरा खरा आहे का?

नाही. त्याचं जिवंतपणी काढलेलं एकही चित्र नाही. १८८४ च्या एका इतिहासग्रंथात छापलेलं चित्र कल्पनेतलं आहे आणि २००९ चा एरिक ब्लोम यांनी केलेला पुलाजवळचा अर्धपुतळाही कल्पनेतलाच. १७७९ मध्ये मिशिलिमॅकिनॅकचा ब्रिटिश कमांडर असलेल्या डी पेस्टरने त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय, देखणा आणि शिकलेला. चेहऱ्याबद्दल हातात आहे ते एवढंच. तरी पुतळा बसवला हे चांगलंच झालं, एका हैतीयन माणसाने तो शहराला भेट दिला.

समाधी कुठे आहे? जाता येतं का?

सेंट चार्ल्सला, कॅथलिक दफनभूमीत, सेंट लुईसच्या जवळ, शिकागोहून गाडीने पाचेक तास. चर्चच्या दफननोंदीत त्याचे आई-वडील, गाव, काहीच लिहिलेलं नाही, फक्त फ्रेंचमध्ये "निग्रो" असा शब्द आहे. दीडशे वर्षं खूणही नव्हती. १९६८ मध्ये तिथे ग्रॅनाइटचा दगड लावला. २००२ मध्ये पुरातत्त्ववाल्यांनी त्या दगडाखाली तपासलं तर काहीच अवशेष मिळाले नाहीत. दगड तिथेच ठेवलाय. मी तिथे एकदा जाऊन आले, फुलं ठेवली, आणि खाली कोणी आहे की नाही याने मला तरी फरक पडला नाही, त्याने ज्या गावात पुरायला सांगितलं ते गाव तर हेच आहे.

शहराच्या झेंड्यावर त्याचा तारा आहे का?

नाही. चार लाल तारे आहेत ते फोर्ट डिअरबॉर्न, १८७१ ची आग, १८९३ चं प्रदर्शन आणि १९३३ चं प्रदर्शन. पाचवा तारा त्याच्या नावाने लावा अशी मागणी अधूनमधून होते. माझं मत, लावावा.

डुसाबल पार्क सापडत नाही, कुठे आहे?

नदी लेकला मिळते तिथली साडेतीन एकरांच्या आतली जागा. १९८७ मध्ये महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांनी जाहीर केली, डुसाबल हायस्कूलचा मुलगा महापौर होऊन डुसाबलच्या नावाने बाग करायला निघाला होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. मग जमिनीत थोरियम सापडलं, जुन्या काळी गॅसबत्तीच्या जाळ्या बनवताना राहिलेलं किरणोत्सारी द्रव्य. साफसफाई, पैसे, परवानग्या, त्यात दशकं गेली. म्हणून कोणी "पार्क बघून ये" म्हणालं तर आधी चौकशी करा, आणि मुलांना घेऊन उगीच पायपीट करू नका.

एकच दिवस आहे, काय काय बघू?

सकाळी पायोनियर कोर्ट, मिशिगन अॅव्हेन्यूवर पुलाच्या उत्तर टोकाला, घर याच परिसरात होतं. पुतळा बघा, किन्झीचं शिल्प बघा, मग पायऱ्या उतरून पाण्याजवळ जा आणि लेककडे तोंड करून उभे राहा, म्हणजे होड्या कुठून यायच्या ते कळेल. नदीचं तोंड तेव्हा थोडं वेगळं होतं, वाळूच्या दांड्याने वळलेलं, आता सरळ केलंय. दुपारी बसने किंवा गाडीने दक्षिणेला म्युझियम, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोच्या शेजारीच आहे, जाताना ड्राइव्हवरूनच जा. सुट्टीचे दिवस आणि वेळा आधी बघून घ्या. थंडीत येणार असाल तर कानटोपी विसरू नका, पुलावर वारा फार असतो. आणि खरेदीखताची यादी फोनमध्ये घेऊन या, पुतळ्यासमोर मोठ्याने वाचा, लहान मुलं असतील तर कोंबड्या त्यांना मोजायला सांगा.